पहिली भाओना पाहायला निघताना : आसामच्या नामघरातली रात्र कशी बसावी

भाओना, म्हणजे आसामातलं वैष्णव भक्तिनाट्य, पाहायला येणारे बहुतेक पाहुणे मुखवट्यांसाठी येतात. मशालीच्या उजेडात राक्षसाचा मुखवटा डोलत येतो, भराभर फोटो निघतात आणि अकराच्या सुमारास मंडळी मुक्कामी परततात. मला याची हळहळ वाटते. भाओना गावासाठी सेवा असते. ती ठरलेल्या मंगलाने सुरू होते आणि ठरलेल्या मंगलानेच संपते, त्यामुळे अर्ध्यातून उठणं म्हणजे आरतीच्या मध्येच देवळाबाहेर पडणं. पहिल्याच खेपेला सुरुवातीच्या मृदंगापासून पहाटेच्या शेवटच्या स्तुतीपर्यंत बसायचं असेल, तर काय वाचून जावं, कुठे जावं, कसं बसावं आणि नजर कुठे ठेवावी, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी चार नावं पक्की करा

श्रीमंत शंकरदेव (१४४९–१५६८) यांचा जन्म नगाव जिल्ह्यातल्या बरदोवा परिसरातला. एकशरण नामधर्म हा त्यांनी उभारलेला भक्तिपंथ. त्यात मूर्तिपूजेला स्थान नाही. सिंहासनावर भागवताची पोथी ठेवतात आणि श्रवण-कीर्तन हीच उपासना. निरक्षर माणसापर्यंत भागवत पोहोचवायला त्यांनी नाटक हाताशी घेतलं. परंपरा सांगते की तरुणपणी त्यांनी 'चिह्नयात्रा' नावाचा प्रयोग केला आणि त्यासाठी सात वैकुंठांची चित्रं स्वतः रंगवली. तिची संहिता आज उपलब्ध नाही. नंतरची सहा नाटकं मात्र टिकली आणि अजून खेळली जातात. त्यांचे पट्टशिष्य माधवदेव (१४८९–१५९६) यांनीही नाटकं लिहिली. ती आकाराने छोटी असतात आणि बहुतेकांत बाळकृष्ण असतो.

लिहिलेल्या नाटकाला 'अंकिया नाट' म्हणतात आणि त्याच्या प्रयोगाला 'भाओना'. सगळं नाटक एकाच अंकाचं, मध्ये प्रवेश पाडलेले नसतात. 'नामघर' म्हणजे गावाचं प्रार्थनागृह. त्याच्या पूर्व टोकाला पोथीचं सिंहासन असलेला गाभारा असतो, त्याला 'मणिकूट' म्हणतात. आणि 'सत्र' म्हणजे वैष्णव मठ : सत्राधिकार हे प्रमुख, त्यांच्या हाताखाली भकत. कमलाबारीसारख्या काही सत्रांत भकत आजन्म ब्रह्मचारी राहतात. लहानपणीच मठात आलेली मुलं तिथेच गाणं, 'खोळ' नावाचा मृदंग आणि नाच शिकून मोठी होतात.

एक खुलासा इथेच करून ठेवतो. गावोगावी चालणाऱ्या सगळ्याच भाओना शंकरदेव-माधवदेवांच्या नसतात. पुढच्या काळात असमियात लिहिलेली, महाभारतातल्या युद्धकथांवरची नाटकं फार लोकप्रिय आहेत. त्यांत संवाद जास्त, तलवारबाजी जास्त, गाणं-नाच तुलनेने कमी. तीही भक्तीनेच होतात. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने चौकशी करताना "अंकिया भाओना आहे का?" असं स्पष्ट विचारावं.

नाट निवडा आणि गोष्ट वाचून जा

पुढे काय होणार हे प्रेक्षकांपैकी प्रत्येकाला ठाऊक असतं. सूत्रधारही कथा आधीच सांगून टाकतो. म्हणून गोष्ट माहीत नसलेला पाहुणा एकटाच चाचपडतो, आणि जी गंमत सांगण्याच्या रीतीत आहे ती त्याच्या हातून सुटते.

मराठी माणसाला माझा पहिला सल्ला 'रुक्मिणीहरण'. ही कथा आपल्या ओळखीची आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठावरचं कौंडण्यपूर आपण रुक्मिणीचं माहेर मानतो आणि तिथून पंढरपूरला पालखी जाते. आसामकडे मात्र भीष्मक राजाचं कुंडिननगर सदियाच्या परिसरात, कुंडिल नदीकाठी होतं असं मानतात. पलीकडे अरुणाचलात भीष्मकनगरचे अवशेष आहेत आणि तिथले इदू मिश्मी लोक रुक्मिणीला आपली लेक मानतात. एका मुलीची दोन माहेरं, दोन्हीकडे तितक्याच मायेने जपलेली. एकनाथांनी काशीत 'रुक्मिणी स्वयंवर' पूर्ण केलं ते १५७१ मध्ये, म्हणजे शंकरदेवांच्या निर्वाणानंतर तीन वर्षांनी. नाथांचा ग्रंथ घरात असेल तर निघण्याआधी वाचा. रुक्मिणीचं पत्र घेऊन द्वारकेला जाणारा ब्राह्मण आपल्याकडे सुदेव, तिकडे वेदनिधी. रुक्मीची फजिती दोन्हीकडे रंगवून सांगितलेली आहे आणि नामघरात त्या जागी हमखास हशा पिकतो.

दुसरी पसंती 'पारिजातहरण'. त्यात नारद काडी लावतो, सत्यभामा रुसते, स्वर्गात शची आणि सत्यभामा यांची जुंपते. या सवतीमत्सराच्या मधोमध नरकासुराचा वध आहे. त्या नरकासुराची राजधानी प्राग्ज्योतिषपूर, म्हणजे आजच्या गुवाहाटीचा परिसर, त्यामुळे आसामी प्रेक्षकाला ती घरचीच गोष्ट वाटते. 'कालियदमन' मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी उत्तम. 'पत्नीप्रसाद' मध्ये यज्ञात गुंतलेले ब्राह्मण भुकेल्या गोपाळांना अन्न नाकारतात आणि त्यांच्या बायका ताटं भरून कृष्णाकडे धावतात. कर्मकांडापुढे भक्ती ठेवणारं हे नाटक मला फार जवळचं वाटतं, पण त्यात धामधूम कमी. 'केलिगोपाल' रासक्रीडेचं. 'रामविजय' हे सीतास्वयंवराचं नाटक, १५६८ सालचं, शंकरदेवांचं शेवटचं. कोच राज्याचा सेनापती चिलाराय याच्या विनंतीवरून ते लिहिलं गेलं.

रात्रभर बसण्याची खात्री नसेल तर माधवदेवांचं 'पिंपरा गुचुवा' किंवा 'चोरधरा' शोधा. पहिल्यात लोण्याच्या मडक्यात हात घातलेला कृष्ण पकडला जातो आणि सांगतो की मी तर मुंग्या काढत होतो. तास-दोन तासांत संपणारी ही नाटकं लहान मुलं सादर करतात तेव्हा बघतच राहावं.

केव्हा जावं

भाद्रपद हा भाओनेचा मोठा महिना. शंकरदेव आणि माधवदेव या दोघांच्याही पुण्यतिथी याच महिन्यात येतात आणि नामघरं नामप्रसंगाने, म्हणजे सामूहिक नामघोषाने, गजबजलेली असतात. पण तेव्हा पाऊस असतो, ब्रह्मपुत्रा फुगलेली असते, बोटी अचानक बंद पडतात. ज्यांच्याकडे दिवस मोकळे आहेत आणि चिखलाची तक्रार नाही त्यांनी खुशाल जावं, कारण खरी गावची भाओना तेव्हाच भरभरून दिसते.

बहुतेकांना सोयीचे नोव्हेंबर ते मार्च हे महिने. कार्तिकी पौर्णिमेला ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर रास महोत्सव भरतो. सत्रांत, नामघरांत, सार्वजनिक मंचांवर जिकडेतिकडे प्रयोग चालू असतात आणि अख्खं बेट जागं असतं. तो जरूर पाहावा, मात्र पहिली भाओना म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही. गर्दी प्रचंड असते, राहायची खोली दोन-तीन महिने आधी धरावी लागते आणि अनेक मंचांवरचं रासनाट्य आधुनिक रंगमंचाच्या वळणाचं झालेलं आहे. पडदा, रंगीत दिवे, ध्वनिवर्धक. एखाद्या साध्या तिथीला, एखाद्या सत्रात, दोनशे माणसांत बसून पाहिलेली अंकिया भाओना नवख्याला जास्त देऊन जाते.

शोणितपूर जिल्ह्यातल्या जामुगुरिहाटची 'बारेसहरिया भाओना' हा वेगळाच सोहळा. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेला, काही वर्षांच्या अंतराने होणारा. मध्यभागी पोथीचं स्थान आणि भोवती कमळाच्या पाकळ्यांसारखे मांडलेले मंच. त्या सगळ्यांवर एकाच वेळी वेगवेगळ्या गावांच्या भाओना सुरू असतात. तो योग कधी जुळून आला तर सोडू नका, पण त्याआधी एक तरी भाओना शांतपणे पाहिलेली असू द्या.

तारीख हाती लागायची कशी? छापील वेळापत्रक क्वचितच मिळतं. माजुलीत जिथे उतराल त्या घरमालकाला आठवडाभर आधी फोन करून विचारा, कारण कोणत्या नामघरात कसली तयारी चालली आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं. आणखी एक, प्रयोग नसला तरी 'आखरा', म्हणजे तालीम, बहुधा पाहायला मिळते. संध्याकाळची जेवणं उरकून शेतकरी, शिक्षक, दुकानदार नामघरात जमतात आणि कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घोटतात. म्हातारा बायन, म्हणजे खोळ वाजवणारा, मध्येच थांबवून एकेका पावलाची चूक दाखवतो. ज्याने आखरा पाहिला त्याला प्रयोग दुप्पट कळतो.

कसं पोहोचावं

मुंबई-पुण्याहून विमानाने गुवाहाटी, तिथून रेल्वेने किंवा रात्रीच्या बसने जोरहाट. जोरहाटहून चौदा-पंधरा किलोमीटरवर निमातीघाट. तिथून बोटीने माजुलीचा कमलाबारी घाट. बोटीचा वेळ पाणी आणि प्रवाह यांवर ठरतो. परतीची शेवटची बोट दिवस मावळण्याआधीच सुटते, तेव्हा त्याच दिवशी परतायचा विचार मनात आणूच नका. किमान तीन रात्री माजुलीत काढा.

आपल्याकडून जाणाऱ्यांना हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे तिथला सूर्य. घड्याळ एकच असलं तरी नोव्हेंबर-डिसेंबरात जोरहाट-माजुलीकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. पाचला काळोख. सत्रं पाहायची तर सकाळी लवकर निघावं लागतं आणि भाओनेआधी दुपारी दोन तास झोप काढणं शहाणपणाचं. थंडीत ब्रह्मपुत्रेवरचं धुकं हाडांत शिरतं. नामघराला भिंती अर्ध्याच असतात, कधी नसतातच. लोकरी शाल, कानटोपी, पायमोजे आणि बसायला जाड सतरंजी बरोबर असू द्या. भाद्रपदात गेलात तर डासांचं मलम.

नामघरात पाऊल टाकताना

चपला बाहेर, हातपाय धुवून आत. चामड्याचा पट्टा, पाकीट मुक्कामी ठेवून आलेलं बरं. आत शिरल्यावर आधी मणिकुटाकडे तोंड करून गुडघ्यांवर बसा आणि कपाळ टेकवा. याला 'सेवा' करणं म्हणतात. पाहुण्याने ते केलं की आजूबाजूच्या माणसांचे चेहरे लगेच सैल होतात. गळ्यात गामोसा असेल तर उत्तम. तांबड्या काठाचं ते पांढरं वस्त्र माजुलीच्या कुठल्याही दुकानात मिळतं.

सत्रातल्या भकतांना, विशेषतः प्रार्थनेआधी, स्पर्श करू नये. सोवळ्याचे नियम कडक असतात. हस्तांदोलनाला हात पुढे करू नका, दुरूनच नमस्कार करा. सत्राधिकारांना 'प्रभु' म्हणतात, वृद्ध भकतांना 'आतै'. गावच्या नामघरात वातावरण बरंच मोकळं असतं. स्त्रिया आणि पुरुष सहसा वेगवेगळ्या बाजूला बसतात, तेव्हा कुटुंबासह गेलात तर हे आधीच ठरवून घ्या. बरपेट्याच्या कीर्तनघरात स्त्रियांना आत प्रवेश नाही. या प्रथेवर आसामातही वाद झालेला आहे आणि मला ती पटत नाही, पण तिथे जाणाऱ्या बाईला हे दारात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तिकीट नसतं. काही द्यायचं असेल तर तांबूल-पानासोबत द्यावं, तिथल्या माणसाला विचारलं की तो 'सराई'त कुठे ठेवायचं ते दाखवतो. सराई म्हणजे पाय असलेलं काशाचं तबक.

फोटोचं काय? परवानगी विचारा, फ्लॅश बंद ठेवा आणि एका जागेवरून काय मिळतील ते चार फोटो घेऊन कॅमेरा बाजूला ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधली वाट कधीही ओलांडू नका. नामघराच्या लांबीभर, मणिकुटाच्या दिशेने जाणारी ती मोकळी पट्टी हाच रंगमंच. प्रेक्षक तिच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर बसतात, अगदी नटाच्या घेराची झुळूक लागेल इतके जवळ. तिच्यावरून चालत जाणं म्हणजे सिंहासन आणि कृष्ण यांच्या मधून चालत जाणं.

रात्र कशी उलगडते

संध्याकाळी नामप्रसंग होतो. टाळ्यांच्या तालावर सामूहिक नामघोष. त्याला हजर राहा. तिथेच चांगली जागाही मिळते. मधल्या पट्टीच्या अगदी काठाला, मणिकूट आणि प्रवेशाची कमान यांच्या साधारण मध्यावर बसलात तर दोन्ही टोकं दिसतात.

मग गायन-बायन येतात. गायन म्हणजे गाणारे, त्यांच्या हातात 'भोरताल' नावाच्या मोठ्या झांजा. बायन म्हणजे खोळ वाजवणारे. सगळे शुभ्र कपड्यांत, डोक्याला पांढरी पागोटी. दिव्यांनी उजळलेल्या कमानीतून, 'अग्निगडा'तून, ते ओळीने आत शिरतात. समोर दोन माणसांनी धरलेलं पांढरं वस्त्र असतं, 'आर-कापूर'. ते बाजूला होतं आणि 'धेमाली' सुरू होते.

धेमाली ही वाद्यांची लांबलचक नांदी. नवखा माणूस इथेच कंटाळतो, कारण पाऊण तास एकही पात्र येत नाही. तुम्ही कंटाळू नका. बायनांकडे नीट पाहा. ते नुसते वाजवत नाहीत. खोळ गळ्यात अडकवून बसतात, उठतात, गुडघ्यात वाकतात, गिरकी घेतात आणि हे करताना बोल तुटत नाही. लय अगदी संथ सुरू होते, एकेका आघातामागे श्वास घेण्याएवढी जागा असते. मग ती जागा कमी कमी होत जाते. झांजा आधी काठाला काठ टेकवून कुजबुजतात आणि नंतर पूर्ण उघडून आदळतात. धेमालीचे अनेक प्रकार आहेत, प्रत्येकाचे बोल आणि हालचाली ठरलेल्या. शेवटाकडे आलं की गावातला लहान पोरगासुद्धा मांडीवर तो ताल धरतो. सिंधुदुर्गात रात्री जागून दशावतार पाहिलेल्यांना सुरुवातीच्या गणपतीची आणि संकासुराची वाट पाहण्याची सवय असते. तोच धीर इथे उपयोगी पडतो.

त्यानंतर सूत्रधार. पुन्हा आर-कापूर धरलं जातं, मशाली पुढे येतात, आणि वस्त्र सरकलं की तो जमिनीवर नतमस्तक झालेला दिसतो. पायघोळ पांढरा घेर, अंगरखा, कमरपट्टा, पगडी. तो हळूहळू उठतो, आधी बोटं, मग मनगटं, मग खांदे, आणि नाचायला लागतो. आज ज्याला आपण सत्रीय नृत्य म्हणून ओळखतो, त्यातला सूत्रधारी नाच इथूनच रंगमंचावर गेला. संगीत नाटक अकादमीने १५ नोव्हेंबर २००० रोजी सत्रीयला शास्त्रीय नृत्याचा दर्जा दिला. पण त्याचं घर हे, नामघराची जमीन.

सूत्रधार संस्कृत नांदीश्लोक म्हणतो, मग 'भटिमा' गातो. भटिमा म्हणजे स्तुतिगीत. मग प्रेक्षकांना उद्देशून आज कोणतं नाट होणार ते जाहीर करतो. एवढ्यात त्याला दुरून काही ऐकू येतं. तो आपल्या संगीला, म्हणजे सोबत्याला, विचारतो की हा कसला आवाज. संगी सांगतो की देवांच्या दुंदुभी वाजताहेत. म्हणजे कृष्ण आला.

कृष्णाच्या किंवा रामाच्या प्रवेशाला सभेत काय होतं ते पाहण्यासाठी नाटकावरून क्षणभर नजर हलवायला हरकत नाही. बायका उरुली देतात, जीभ हलवून काढलेला तो लांब मंगलध्वनी. बसलेली म्हातारी माणसं वाकून कपाळ टेकवतात. जो मुलगा कृष्ण झाला आहे तो काल यांच्याच शेजारी बसून भात खात होता, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरीही. कृष्ण झालेल्या नटाने त्या दिवशी उपवास आणि सोवळं पाळायचं असतं, आणि सभा त्याला देव मानूनच नमस्कार करते.

इथून पुढे माझा एकच आग्रह आहे : नजर सूत्रधारावर ठेवा. संस्कृत नाटकांतला सूत्रधार प्रस्तावना करून निघून जातो. शंकरदेवांचा सूत्रधार जात नाही. तो रात्रभर रंगमंचावर असतो. पात्र येण्याआधी तो त्याची ओळख करून देतो, गाण्याची पहिली ओळ उचलतो, दोन प्रसंगांमधला काळ चार वाक्यांत ओलांडतो. नेपथ्य काहीच नसतं. सूत्रधार सांगतो म्हणून ही पट्टी आत्ता द्वारका असते आणि घटकाभराने कुंडिननगर होते. रुक्मिणी रडते तेव्हा तिचं दुःख तीही सांगते आणि तोही सांगतो. मग तो प्रेक्षकांकडे वळून म्हणतो की पाहा, ईश्वराची लीला पाहा, हरिनाम घ्या. नाटक रंगात आलं असताना ते जाणूनबुजून थांबवून भक्तीकडे वळवणारा हा माणूस कळला की सगळी रचना कळते. पाहुण्यांना वाटतं हा निवेदक मध्ये मध्ये बोलतो. खरं तर तोच कथा सांगतो आहे आणि पात्रं त्याच्या शब्दांतून उभी राहताहेत.

पात्रांचे प्रवेश नाचतच होतात आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते. देवाचा प्रवेश डौलदार, गोपींचा लहान लहान पावलांचा, युद्धाचा नाच उसळता. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुष आणि मुलगे करत आले. आता स्त्रिया भाग घेणारी आणि सर्वस्वी स्त्रियांची भाओना मंडळंही आहेत. गीतांना राग-ताल नेमून दिलेले असतात : सिंधुरा, सुहाई, अशोवारी, गौरी. नावं ओळखीची वाटली तरी आपल्या मैफलीतले राग शोधायला जाऊ नका, चलन निराळं असतं.

मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास सगळ्यांनाच डुलकी येते. शेजारचे आजोबा खुशाल आडवे होतात, खोळ वाजला की उठतात. तुम्हीही तसंच करा. बाहेर चहा मिळतो, तांबूल पुढे येतं. कच्ची सुपारी मात्र सवय नसेल तर घेऊ नका, घाम फुटून डोकं गरगरतं.

शेवटी 'मुक्तिमंगल भटिमा'. सूत्रधार आणि गायन-बायन कल्याणाची मागणी करतात, झाल्या-गेल्या चुकांची क्षमा मागतात. सगळी सभा गुडघ्यांवर येते. याच्या आधी उठू नका. नंतर केळीच्या पानावर 'माह-प्रसाद' मिळतो : भिजवलेले मूग आणि हरभरे, आल्याचे तुकडे, खोबरं, फळं. रात्रभर जागलेल्या पोटाला त्याइतकं चांगलं काही नाही.

कानाला भाषा कशी बसते

नाटकाची भाषा ब्रजावली. ती मथुरेची ब्रज नव्हे. मैथिलीच्या अंगाने गेलेली, असमिया मिसळलेली, भक्तिगीतांसाठी घडवलेली ही साहित्यभाषा कोणाचीच घरची बोली नव्हती. म्हणून आसामी शेतकरी आणि मराठी पाहुणा यांच्यातलं अंतर इथे वाटतं त्याहून कमी असतं. हिंदी आणि संतवाणी कानावर असलेल्या माणसाला निम्मं तरी कळतं. अडचण उच्चारांची येते. असमियात श, ष, स यांचा उच्चार बहुधा घशातून, 'ख' आणि 'ह' यांच्या मधला होतो, आणि 'च' चा 'स' होतो. शंकरदेव 'हंकरदेव' असा ऐकू येतो, सत्र 'हत्र'. रस्ता विचारतानाही हे ध्यानात ठेवा. अर्धा तास गेला की कान आपोआप बदल करून घेतो.

मुखवटे दिवसाउजेडी पाहा

आता मुखवटे. ते रात्री कळत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी माजुलीतल्या सामागुरी सत्रात जा. इथे मुखवटे घडवण्याची परंपरा पिढ्यानपिढ्यांची आहे. या सत्रातले हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०२४ मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन.

बांबू आधी पाण्यात भिजवतात, म्हणजे कीड लागत नाही. मग त्याच्या बारीक पट्ट्या काढून षटकोनी जाळीचा सांगाडा विणतात. त्यावर कुंभारमातीच्या चिखलात बुडवलेलं कापड बसवतात. वर माती आणि शेण यांचं मिश्रण लावून नाक, भुवया, गाल उठवतात. वाळलं की बांबूच्या पट्टीने घासून गुळगुळीत करतात आणि रंगवतात. जुने रंग हिंगूळ आणि हरताळ, लाल आणि पिवळा. हातात घेऊन पाहा, एवढा मोठा चेहरा आश्चर्य वाटावं इतका हलका असतो. नटाला तो घालून नाचायचं असतं आणि संवाद म्हणायचे असतात.

प्रकार मुख्यतः तीन. फक्त चेहऱ्याचा 'मुख मुखा'. डोकं वेगळं आणि छातीवर लोंबणारा भाग वेगळा असा, हलणाऱ्या अवयवांचा 'लोतोकाई मुखा'. आणि माणसापेक्षा मोठा, धडासकटचा 'बर मुखा'. पूतना, बकासुर, कालिया, गरुड, जटायू, रावण यांना मुखवटे असतात. कृष्णाला आणि रामाला नसतात. त्यांचा चेहरा उघडा, भक्ताला दिसणारा.

माजुलीत असताना औनिआटी, उत्तर कमलाबारी आणि दक्षिणपाट ही सत्रंही पाहून घ्या. जमीन ब्रह्मपुत्रा सतत गिळते आहे. गेल्या शंभर वर्षांत बेटाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालं, आणि कित्येक सत्रांना सिंहासनं उचलून मुख्य भूमीवर स्थलांतर करावं लागलं. आज ज्या नामघरात बसाल ते पन्नास वर्षांनी त्याच जागी असेल असं धरून चालू नका. जाण्याचं मनात असेल तर पुढे ढकलू नका.

परतीच्या वाटेवर

गुवाहाटीत पंजाबारी भागात श्रीमंत शंकरदेव कलाक्षेत्र आहे. तिथल्या संग्रहालयात वाद्यं, मुखवटे आणि पोशाख निवांत पाहता येतात, आणि आता ते पाहताना कोणती वस्तू रात्री कुठे होती हे तुम्हाला ठाऊक असतं. बरपेटा रस्त्यावर पडत असेल तर सार्थेबारीला काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या कामशाळा पाहा.

घरी आल्यावर माधवदेवांची आणि शंकरदेवांची बरगीतं, म्हणजे भक्तिगीतं, ऐका. ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. दुसऱ्या खेपेला जाल तेव्हा पहिल्या वेळचंच नाट दुसऱ्या गावात पाहा. रुक्मिणीहरण पाहिलं असेल तर पुन्हा रुक्मिणीहरणच. संहिता तीच असते, श्लोक तेच, पण सूत्रधार बदलला की वेदनिधी बदलतो, रुक्मिणीचा विलाप कुठे थांबायचा ते बदलतं, आणि पहिल्या वेळी तुम्ही काय काय पाहिलंच नव्हतं ते तेव्हा कळतं.